तीस दिवस पोटात राहिलेला कागद

आमच्या समितीच्या साहेबांचे वागणे मला मुळीच पटत नाही. रोज माझ्यासमोर खुर्चीत बसायचे, वहीत 'नियम पाहिले' असे लिहायचे, खाली झोकदार सही ठोकायची, आणि माझे झाकण उचलायचे मात्र नाव नाही!

मित्रांनो, मी कायदेमंडळातली एक जुनी पेटी आहे. जड लाकडाची, पितळी बिजागऱ्यांची. सुताराने माझ्या नुसत्या झाकणावर चार दिवस घालवले. मी कुणी ऐरीगैरी नाही. अक्षरओळख बेताचीच, पण पोटात पडलेला कागद मला बरोबर कळतो.

सभागृह कायदा करते. पण प्रत्येक बारीकसारीक गोष्ट तिथेच ठरवत बसले तर जन्म जाईल. म्हणून कायद्यात लिहितात, 'पुढचे नियम खात्याने करावेत.' घरातल्या मोठ्या बाईने सुनेवर स्वयंपाक सोपवावा, तसेच हे. सोपवण्यात कमीपणा नाही. पण पानात वाढण्याआधी मोठीने चाखून बघायचे असते की नाही? त्यासाठी मी. खात्याने केलेला नियम तीस दिवस माझ्यात राहतो. तेवढ्यात समितीने हरकत घेतली तर तो रद्द, नाही तर कायम.

पूर्वी समितीवर एक म्हाताऱ्या वकीलबाई होत्या. तेव्हा माझा काय थाट! रोज सकाळी त्या मला उघडायच्या आणि पान अन् पान वाचायच्या. एकदा खात्याने बाळंतपणाच्या रजेतले पंधरा दिवस गुपचूप कापले होते. बाईंनी तो कागद तस्सा परत धाडला. बाई गेल्या, हे साहेब आले, आणि माझ्या बिजागऱ्या गंजल्या.

मला पुसणाऱ्या मावशींची लेक शिवणकारखान्यात होती, तिसऱ्या मजल्यावर. एका दुपारी मावशी हातातले फडके न ठेवताच साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, लेकीच्या कारखान्याचं मागचं दार बंद ठेवणार म्हणे. मुकादम सांगत होता, नवा नियम येतोय."

"नियम खातं करतं, मावशी. आम्ही नाही."

"पण कायदा तुमचाच ना?"

"कायदा आमचा. कामगार सुखरूप बाहेर पडावेत, एवढं आम्ही लिहिलंय. दार, खिडक्या ते बघतील."

"मग त्यांनी काय बघितलं, ते तुम्ही एकदा बघा की! या पेटीतच असेल."

साहेब हसले. "तुम्हीच या आता समितीवर!"

मावशीही कसनुशा हसल्या. तो कागद माझ्या पोटातच होता. 'चोरी टाळण्यासाठी मागचे दार कुलूपबंद ठेवता येईल. किल्ली मुकादमाजवळ असावी.' त्या दिवशी त्याचा एकोणतिसावा दिवस होता. तिसाव्या दिवशी साहेबांनी सही केली आणि नियम कायम झाला.

दोन महिन्यांनी भर दुपारी कारखान्याला आग लागली. पुढचा जिना धुराने भरला. मुकादम जेवायला गेला होता, किल्ली त्याच्या खिशात. मागच्या दाराशी नऊ जणी सापडल्या. मावशींची लेक दाराला सगळ्यात जवळ होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदा मला उघडले. मुदत संपलेले कागदही कुणी काढले नव्हते. तळाशी पडलेला तो कागद भर सभागृहात फडकावून ते ओरडले, "हा नियम आम्ही केलेला नाही! खात्याने केला!" बाके वाजली.

मावशी पंधरा दिवसांनी कामावर आल्या. मला पुसताना त्यांचा हात मध्येच थांबतो.

मित्रांनो, मोठे व्हाल, तुमच्या हातीही कधी पाहण्याचे काम येईल. माझ्यासारख्या पेट्या उघडत जा. आत माणसे असतात.

साहेब काल पुन्हा समोर बसले, वही पुढे ओढली. तेव्हा मात्र मला राहवले नाही. लोकांना बिजागरी करकरल्यासारखे वाटले असेल. मी मोठ्याने म्हणाले, "ऐक रे बाबा. खात्याने लिहिला हे खरं. पण तीस दिवस तो पुसून टाकायचा हक्क तुझ्या हातात होता, आणि तू झाकणसुद्धा उचललं नाहीस. नियम तुझाच आहे. ती बाई बाहेर जिना पुसते आहे. जा, तिच्या तोंडावर सांग."