तीन बोटांचं लाकूड

नेमबाजीच्या मैदानावर गादीवर पालथं पडून आगाथाने रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि लगेच उचलला.

"आर्मिन, ही लांब झालीये."

आर्मिन हसला. हिवाळाभर त्याने आजोबांना फौजेकडून घरी ठेवायला मिळालेल्या या रायफलवर जीव ओतला होता. नळीतला गंज काढला, जवसाचं तेल पाजून लाकूड उजळवलं. तिचा दस्ता कुणीतरी तीन बोटं कापून टाकला होता. सुतार असल्यामुळे आर्मिनच्या डोळ्यांत ते फार खुपायचं. त्याने जुन्या अक्रोडाचा तुकडा शोधून असा बेमालूम जोडला होता, की सांधा नखालाही लागत नव्हता.

"लांब नाही, आई. होती तशी केलीय. सेप्पमामा म्हणायचा ना, फौजेतल्या कुणा गाढवाने कापली म्हणून."

"गाढव कसलं! माझ्या बापाने कापली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर."

पलीकडच्या गादीवरच्या नेमबाजाने मान वळवली. आगाथा निशाणाकडेच बघत होती.

"बारा वर्षांची होते मी. हात पुरायचा नाही. आई ओरडत होती, सरकारी बंदूक आहे, पोरीसाठी काय कापताय! तर म्हणाले, सरकारला मी सांगेन काय ते." तिने बोटाने दस्त्याची कड चाचपली. "स्पर्धेत मुलींना घेतच नसत तेव्हा. आम्ही बापलेक कुरणामागे नेम मारायला जायचो. दोघंच."

"कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं?"

एकोणऐंशी वर्षांची आई पुन्हा एकदा मान ताणून बघत होती. डोळा काही नळीवरच्या त्या साध्या लोखंडी खाचेच्या रेषेत येईना. आर्मिनने रायफल तिच्या हातातून अलगद काढून घेतली.

"अरे, असू दे. मारते मी अशीच."

तो गाडीकडे गेला. परत आला तेव्हा हातात करवत होती. मैदानाचा प्रमुख आलोइस धावत आला.

"वेडा झालास का? चार महिने खपलास त्यावर!"

"धर जरा इथे, घट्ट."

आलोइसने धरली. आर्मिनने जोडलेला तुकडा सांध्यावरच कापला, भुसा आलोइसच्या बुटांवर पडला. मग त्याने दस्त्याच्या टोकाचा काढलेला पत्रा पुन्हा बसवला, स्क्रू पिळले, कडेवरून अंगठा फिरवला आणि रायफल आईच्या पुढ्यात ठेवली.

"आगाथाताई," आलोइस म्हणाला, "निशाण चुकलं तरी चालेल, वरच्या कुरणात माझ्या गाई आहेत तेवढ्या सांभाळा."

"कान झाक आणि गप्प बस."

बार डोंगरावर आपटून परत आला. तिकडे तीनशे मीटरवर, गोळी कुठे लागली ते दाखवणारी खुणेची काठी वर आली, कुठेशी थांबली. आगाथाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. खांदा चोळत ती सावकाश उठली, स्कर्टवरचं गवत झटकलं.

"आता तू झोप."

"मला आखूड पडेल ती, आई."

"कोपर आत घे की थोडं."

सहा फुटी आर्मिन अंग आक्रसून गादीवर पालथा झाला. आगाथा त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याचं कोपर धरून हळूच आत सरकवलं.

"हं. आता श्वास सोड."