मिस्सेआधीचा उपास

लुकसनं अंधारात माठाकडं हात नेला, तर माठ पालथा. फडताळात चहाची डबी नव्हती, स्टोव्हही जागेवर नव्हता. उंबऱ्यात भुजंग मांडी ठोकून बसला होता.

“आज तुला थेंबबी गिळू देणार न्हाई,” तो म्हणाला. “दर खेपेला मिस्सेआधी चहा ढोसतोस आन परसादाच्या टायमाला मागं बसतोस. मला लय वाईट वाटतंय.”

लुकसला हसावं की रडावं कळेना. मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा न घेतलेल्यालाच मिस्सेत, म्हणजे फादरच्या प्रार्थनाविधीत, प्रसाद मिळतो, हे त्यानंच भुजंगला सांगितलं होतं. चहा ही आपली पळवाट आहे, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

भुजंग झरीच्या मेंढपाळाचा मुलगा, पूर्णेच्या शेडमध्ये इंजिनात कोळसा भरायचा. लुकस रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. निजामाची रेल्वे जाऊन सेंट्रल आली तरी दोघांची खोली एकच राहिली. चाळ त्यांना दोस्त म्हणे. त्यांचा एकमेकांवर नवराबायकोसारखा जीव होता, आणि त्याला चर्च महापाप म्हणे. ते कबूल करून सोडल्याशिवाय लुकसनं प्रसाद घेणं म्हणजे देवाला फसवणं. आणि पूर्णेत चर्च नसल्यानं महिन्याकाठची मिस्सा तर त्याच्याच खोलीत व्हायची, टाळायची सोय नव्हती.

सिकंदराबादच्या गाडीनं म्हातारे फादर लोरेन्स उतरले, तेव्हा त्यांची पेटी भुजंगनंच उचलली. फलाटावरच्या नळाशी लुकसची पावलं जरा रेंगाळली, तसा भुजंगनं कोपर मारून त्याला पुढं काढला.

“फादर, ह्याचा उपास पक्का हाय,” त्यानं वाटेतच सांगून टाकलं. “मी राखण केली.”

फादर लुकसकडं बघून हसले. “मग आज येतोस ना माझ्याकडे?”

मागच्या पडवीत फादर पापकबुलीला बसले. बाकीच्यांचं उरकल्यावर लुकस गुडघ्यावर आला. मग त्यानं सगळं सांगितलं, भुजंगच्या नावासकट.

“पस्तावा?” फादरनी हळूच विचारलं.

“होत न्हाई, फादर. लय प्रयत्न केला.”

“त्याला दुसरीकडे राहायला सांगशील?”

“न्हाई.”

फादरनी डोळे मिटले. “मग मला क्षमेचा हात उचलता येत नाही, बाळ.”

“ठाऊक हाय.”

मिस्सा झाली. प्रसादाला सगळे पुढं गेले. लुकस भिंतीशी बसून राहिला. दारातून बघणाऱ्या भुजंगचं तोंड एवढंसं झालं. लोक उठून बाहेर जाताच त्यानं लुकसला फडताळापाशी ओढलं.

“आता काय आडवं आलं? पाणीबी न्हाई पिलास.”

“चहा कधीच आडवा नव्हता,” लुकस म्हणाला. “तू हायस. तुझ्याबद्दल पस्तावा व्हावा लागतो. मला व्हत न्हाई.”

भुजंग खाली बघत म्हणाला, “मी जातो झरीला. मेंढरं हायतच. तुझा देव तुला मिळंल.”

“तू गेलास तरी फादर तेच इचारणार, आन मी तेच सांगणार. मग कशाला जातोस?” लुकसचा आवाज फाटला. “जाऊ नकोस.”

भुजंगनं डोळे पुसले आणि लपवलेला स्टोव्ह आणून पेटवला. जायचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

बाहेर गार्डसाहेबांच्या पत्नी रोझाबाई फादरना विचारत होत्या. बाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नसे.

“आज लुकसचा उपास होता म्हणे. तरी उठला नाही तो. काही भारी पाप आहे की काय?”

आत ते ऐकून भुजंगनं स्टोव्ह बारीक केला.

“माझीच चूक,” फादर लोरेन्स म्हणाले. “रात्रपाळी करून आला होता. स्टेशनवर घेरी आल्यासारखा दिसला, म्हणून मीच त्याला नळाचं पाणी पाजलं.”

“अगंबाई. मग बरोबर,” रोझाबाई म्हणाल्या आणि डबा उघडू लागल्या.

भुजंगनं लुकसच्या कानाशी तोंड नेलं. “फादर खोटं बोलायलाय. मी संग होतो.”

“व्हय.”

“मग त्यांना पाप लागंल न्हाई का?”

“लागंल. त्यांनाबी दुसऱ्या फादरपुढं सांगावं लागतं.”

भुजंगनं स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. “आन त्यांनाबी पस्तावा न्हाई झाला तर?”

लुकसनं दाराआडून पाहिलं. फादर रोझाबाईंच्या डब्यातला केक बोटं चाटून चाटून खात होते.