दसऱ्याच्या रंगाखालची पाटी

आमगावच्या केशोरावांच्या राइस मिलमध्ये दर दसऱ्याला यंत्रांना नवा रंग चढतो. मोटर शेंदरी, तिच्यावरची करंटचा आकडा कोरलेली पत्र्याची पाटीही शेंदरी. कुठली मोटर किती करंट खाते हे मिलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

अडलं ते ऐन हंगामात. धान वर चढवणाऱ्या एलेव्हेटरची मोटर दुसऱ्यांदा जळाली. आतली तार नव्याने गुंडाळून ती रिवाइंड होऊन आली, पण खाली वाफवलेलं ओलं धान पडून होतं. आता पुन्हा गेली, तर सगळं आंबणार होतं. केशोरावांनी रंजिताला बोलावलं. विजेच्या पॅनेलच्या कामात तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलं माहीत होतं.

"याच्याहून मोठा ब्रेकर बसव, बेटी. हा कमजोर पडून राह्यला."

"कमजोर नाही काकाजी, आंधळा आहे हा," रंजिता म्हणाली आणि रंग खरवडायला बसली. किती दसरे निघाले कोण जाणे! शेवटी पाटी वाचता आली. अकरा अँपिअर. किती अँपिअरला वीज तोडायची ते ठरवणारी जुन्या ब्रेकरची चकती तर सतराच्या खाली येतच नव्हती. मोटर जळून खाक झाली तरी त्याला पत्ता लागणार कसा?

तिने नऊ ते चौदा अँपिअरचा ब्रेकर बसवला आणि चकती अकरावर ठेवली. केशोरावांनी कपाळाला हात लावला. "लहानच घेतला न! आता घडीघडी बंद पडते."

"सुरू होताना मोटर जास्त खाते, तेवढं हा सोसते. पण तशीच खात राह्यली, त तोडते."

दुसऱ्या दिवशी रंजिता पाहायला आली असतानाच भर कामात एलेव्हेटर थांबला. ब्रेकर पडून वीज तुटली होती. "पाय, म्हटलं होतं न मी!" केशोरावांच्या आवाजाने मिल दणाणली.  रंजिताने मोटरीला हात लावून पाहिला, मग केशोरावांचा हात धरून तिथंच टेकवला. मोटर नुसती कोमट होती. तिने एलेव्हेटरचं खालचं झाकण उघडलं. फाटकं पोतं पुलीला गच्च गुंडाळलं होतं. पोतं ओढून काढलं, ब्रेकर चढवला, आणि धान पुन्हा वर जाऊ लागलं.

"जुना असता, त आज तिसऱ्यांदा जळली असती," ती म्हणाली. 

पुढच्या दसऱ्याला मिलमधल्या उदारामने शेंदरी रंगाचा डबा उघडला तसे केशोराव ओरडले, "अबे थांब!" रंग चढू नये म्हणून पाटीवर त्यांनी स्वतः चिकटपट्टी लावली. आणि पूजेचं पहिलं हळदकुंकू मोटरीला नाही, त्या लहानग्या ब्रेकरला लागलं.