दोनने चुकणारी नळी

मी एक जुनी काचेची नळी आहे. पेणच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर मी असते. पुस्तकात मला हायड्रोमीटर म्हणतात. मला पाण्यात सोडले की मी उभी तरंगते. पाणी जितके खारट आणि दाट, तितकी मी वर येते, आणि माझ्या गळ्यातल्या कागदी पट्टीवरचा आकडा वाचून पाण्याचा दाटपणा कळतो. काम एवढेच. पण मित्रांनो, मी ते काम जवळजवळ जन्मभर चुकीचे केले, आणि तरीही माझ्याइतके सुख फार थोड्या नळ्यांच्या वाट्याला आले असेल.

विठू नावाच्या कारागिराने मला फुंकून घडवले, पोटात शिशाचे बारीक गोळे भरले आणि गळ्यात आकड्यांची पट्टी बसवली. तिथून मी रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत आले. पांढऱ्या कोटातली माणसे मला बोटांच्या टोकांनी धरत. मला त्याचा तोरा होता, खोटे का सांगू? मग एके दिवशी कुणाच्या तरी हातून मी टेबलावर आपटले. काच शाबूत राहिली, पण आतली पट्टी दोन रेघा खाली सरकली. त्या दिवसापासून मी प्रत्येक पाण्याचा आकडा दोनने कमी सांगू लागले. "ही गेली कामातून," असे म्हणून मला खोक्यात टाकले.

त्या खोक्यातून मला उचलले नाथाने. तो कंपनीत शिफ्टला होता, राहायला पुलापलीकडे अष्टमी गावात. विचारून, रीतसर घेऊन, तो मला पेणच्या खाडीकाठी बहिणीच्या घरी घेऊन आला. बहीण सीताबाई आणि तिचा नवरा पुंडलिक मिठागरात राबत. "पानी बघाया उपेगी पडंल, दाजी," नाथा म्हणाला.

मिठागराचे गणित सांगते. खाडीचे पाणी आधी मोठ्या वाफ्यांत उन्हाने तापवायचे. त्याचा दाटपणा पंचवीस अंशांवर आला की ते मीठ धरायच्या स्वच्छ, चोपून घेतलेल्या वाफ्यांत सोडायचे. पुंडलिकला अक्षरओळख नव्हती, पण पाण्याचा रंग पाहून तो ही वेळ ओळखायचा. आता घरात काचेची साहेबीण आली म्हटल्यावर त्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर भरवसा ठेवला. आकडा वाचायला त्याची मुलगी सरू होती, आठवीतली.

"किती गो?"

"तेवीस, बा."

"मंग थांबू."

तो थांबला, आणि पंधरवड्याची मेहनत मातीत गेली. पाणी खरे तर पंचविसावर आले होते. तापवायच्या वाफ्यातच मीठ धरले, चिखलासकट, काळे. सीताबाईने डोक्याला हात लावला. पुंडलिकने मला उचलले ते बांधावर आपटायलाच.

सरूने त्याचा हात धरला. "थांब बा. ही खोटारडी हाय का येडी हाय, ते तरी बघू दे."

तिने मला विहिरीच्या गोड्या पाण्यात सोडले. तिथे माझी शून्याची रेघ पाण्याबरोबर यायला हवी होती, ती दोन रेघा खाली बुडली. पुढचे आठ दिवस तिने मला वेगवेगळ्या वाफ्यांत सोडून पाहिले. पुस्तकात पंचवीस, बापाच्या डोळ्यांना पंचवीस, माझ्या पट्टीवर तेवीस. मी चुकत होते, पण रोज तेवढीच, सगळीकडे तेवढीच.

"बा, हिला फेकायची नाय. दोन मिळवायचे," तिने जाहीर केले.

मित्रांनो, माझ्याबद्दल इतके चांगले त्याआधी कुणी बोलले नव्हते. पुढची चार-साडेचार वर्षे सरू सकाळी मला पाण्यात सोडी, वाची, दोन मिळवी आणि शाळेला पळे. दोन मिळवणे तिच्या अंगवळणी पडले, इतके की ती आकडा मोठ्याने सांगायची तेव्हा तो आधीच दुरुस्त झालेला असे. याच सवयीने पुढे घात केला.

बारावीला सरू तालुक्यात पहिली आली. मुंबईच्या एका विज्ञान विद्यापीठात जायचे तिने मनात घेतले होते. खाडीकाठच्या सगळ्यांनी तिला आताच तिथे पोचवून टाकले. तिचे काळुराम सर तेवढे सावध होते. "जागा बारा आहेत," ते म्हणाले. "तालुक्यात पहिली येणारी प्रत्येक तालुक्यात एक असते. तालुके किती, मोज बघू." सरूने मोजले असावे, कारण त्या रात्री ती पुस्तक मिटायला तयार नव्हती. लेखी परीक्षेतून चाळीस जणांना बोलावले, त्यात तिचे नाव आले. सकाळी प्रयोग, दुपारी मुलाखत.

जाताना तिने मला आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घेतले. नाथामामा सोबत होता. प्रयोग होता पाच द्रवांचा दाटपणा मोजण्याचा. पिशवीत पडल्या पडल्या मी मनात म्हटले, हा तर हिच्या हातचा मळ!

दुपारी जिन्याखाली बसून मामाने भाकरीचे फडके सोडले. सरू उत्साहाने आकडे सांगू लागली आणि मध्येच थांबली. घास हातातच राहिला.

"मामा, मी पाचांतही दोन मिळवले."

"मंग?"

"तिथली नळी चांगली होती रे मामा! तिच्यात मिळवायचे नव्हते!"

मामाच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, "तू बोलू नको. कुनाच्या ध्यानात येतंय? दोनाचाच तर फरक."

सरूने पिशवी चाचपली, मी आहे की नाही ते पाहिले. त्या वेळी मी फुटून गेले असते तर बरे, असे मला वाटले. माझ्यामुळे त्या पोरीची बारातली जागा जाणार होती.

मुलाखतीच्या खोलीत तिघे जण होते. मधल्या चष्मेवाल्या बाईंनी प्रश्न विचारायच्या आधीच सरू उभी राहून म्हणाली, "बाई, माझी पाचही उत्तरं चुकलीत. सगळी दोनने जास्त आहेत." आणि तिने मला लुगड्याच्या तुकड्यातून काढून टेबलावर ठेवले, काळ्या मिठापासूनची सगळी हकिकत सांगितली.

बाईंनी पाणी मागवले, माझ्याशेजारी एक नवी कोरी नळी सोडली. मग मिठाचे पाणी, मग त्याहून दाट. प्रत्येक वेळी मी दोनने मागे. इतक्या लोकांसमोर माझे व्यंग उघडे पडत होते, आणि मला प्रथमच त्याची लाज वाटली नाही.

"नळी चुकते हे कशावरून ठरवलंस? वडीलच चुकले नसतील कशावरून?"

"बाचं पाणी वीस वर्षांत चुकलं नव्हतं, बाई. नळी आल्यावर पहिल्यांदा चुकलं. म्हणून आधी नळी तपासली."

बाई हसल्या. पण गुण सोडले नाहीत. पाच उत्तरांचा एकही गुण तिला मिळाला नाही.

महिन्याभराने यादी आली. सरूचे नाव बारावे होते. शेवटचे! सीताबाई पत्र उलटेसुलटे करून पाहत राहिली. पुंडलिक बांधावर जाऊन बसला आणि तोंडावर टॉवेल घेऊन मनसोक्त रडला. परत आला तेव्हा त्याने एकच विचारले, "आता आकडा कोन वाचंल गो?"

सरूने मला सोबत न्यायचे ठरवले होते. पुंडलिकचा प्रश्न ऐकल्यावर तिने पिशवीतून मला बाहेर काढले. शेजारच्या पुतळीकडून नखाला लावायचा लाल रंग आणला आणि माझ्या काचेवर, तेविसाच्या रेघेवर, बारीक ठिपका दिला.

"बा, हा ठिपका पान्याला टेकला की पानी सोड. वाचायचं काय नाय. दोन मी मिळवून ठेवलेत."

त्या ठिपक्यावर पुंडलिकने सोळा हंगाम मीठ काढले, एकदाही काळे निघाले नाही. मग एका उधाणात बांध फुटला, मिठागर खाडीने घेतले, आणि मी खिळ्यांच्या डब्यात जाऊन पडले. तिथे किती वर्षे गेली, मला सांगता येणार नाही. एक दिवस पिकल्या केसांच्या सरूने डबा उघडला आणि मला पदराने पुसले. तिनेच मला या शाळेत आणून दिले.

मित्रांनो, मला हाताळताना जपा, काच आहे मी. एखादे माणूस किंवा वस्तू चुकते म्हणून टाकून देण्याआधी ती किती चुकते ते एकदा मोजून पाहा. आणि प्रयोग झाल्यावर मला खुशाल धुवा, पण तो लाल ठिपका घासू नका. पुंडलिकला आयुष्यात वाचता आलेले तेवढे एकच अक्षर आहे.