खालच्या गल्लीचा दिवा

बुरुलचाला त्या दिवशी सकाळपासून एवढंच हवं होतं, कुठेतरी टेकायला मिळावं. पहाटे गाईचं, मग कणकेचं, मग शाळेत घालायच्या बुटाचा एक पाय सापडेना. चुलीपाशी बसलेल्या सासूबाई, सोनुन आपा, काहीतरी सांगत होत्या. "पाहुणे यायचेत, अंगण शिंपडून ठेवते गं." बुरुलचाने "हो आपा, ठेवा" म्हटलं आणि पळाली. आपा काय म्हणतेय याकडे तिचं लक्ष नव्हतं. दमलेल्या माणसाचं "हो" असंच असतं.

शाळेच्या दारात मुख्याध्यापक ओसमोनअली टाय लावून उभे होते. इकडे शाळेत बाईंना एजे किंवा लाडाने एजेके म्हणतात, आणि सरांना अगाय.

"एजे, पेटी पुसलीत?"

"पुसली, अगाय."

"दिवे लागतात ना? नाही, मी आपलं विचारतो. आज काही गडबड झाली तर पेटी शहरातल्या शाळेत जाणार. शिक्षण खात्याच्या दामिरा बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलंय. वापरता येत नसेल त्यांच्याकडे कशाला ठेवायची, म्हणाल्या."

"लागतात, अगाय."

ती विजेच्या प्रयोगांची पेटी म्हणजे बुरुलचाच्या चौथीच्या वर्गाचा जीव की प्राण. हिवाळ्यात आली, तेव्हा आतल्या हिरव्या पट्ट्या, तारा आणि बोटाएवढे दिवे बघून बुरुलचाला वाटलं होतं, झालं, आणखी एक काम. तालास शहरात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यातला निम्मा वेळ चहापानात गेला. बाकी सगळं ती गाईच्या धारा काढताना, गोठ्याच्या खिळ्याला मोबाइल टांगून, व्हिडिओ बघून शिकली. गाईलाही आता थोडंफार येत असेल.

मुलांनी त्या पेटीचं काय करावं! घरोघरचे जुन्या नमद्याचे, म्हणजे लोकरीच्या जाड गालिच्याचे, तुकडे आणून, शिवून, त्यावर अख्खं अक-तेरेक गाव उभं केलं. काड्यापेट्यांची घरं, निळ्या लोकरीचा पाट, त्याला फुटणाऱ्या चार गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक दिवा. बाहेर खऱ्या पाटावर, जिथे गल्लीला पाणी वळतं तिथे, बाटली कापून तिच्यात एकेक सेन्सर बसवला. त्या गल्लीत पाणी शिरलं की वर्गातल्या नमद्यावर तिचा दिवा लागायचा. विज्ञानाच्या तासाला पाण्यातून वीज कशी जाते ते शिकायचं आणि समाजशास्त्राच्या तासाला पाणी कुणाच्या पाळीला कुणाकडे जातं आणि का. त्यासाठी मुलं घरोघर हिंडून म्हाताऱ्यांना विचारून आली. आणली काय, तर पन्नास वर्षांची भांडणं. अगाय म्हणाले, "एजे, एवढं सगळं पाहुण्यांसमोर नको."

म्हणून नमुना पाठाची तालीम झाली, एकदा नव्हे, मुलांना वीट येईपर्यंत. आज गुरुवार. गुरुवारी पाळी खालच्या गल्लीची. पाटकरी सकाळी पाणी अडवणारी फळी उचलणार, खालच्या गल्लीचा दिवा लागणार, वर्गातली आइझिरेक उठून दोन वाक्यं म्हणणार, टाळ्या. मग पाहुण्यांनी बुरुलचाच्या घरी जेवायचं. नमुना पाठ वर्गात होतो, त्याचा निकाल जमिनीवर अंथरलेल्या चहाच्या फडक्यावर लागतो, हे तालासच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दामिरा बाई आल्या. भारदस्त बाई, पाय सुजलेले, डोळ्यांत झोप. मागच्या बाकावर बसल्या आणि बाकाने कण्हून दाखवलं.

सगळं तालमीसारखं चाललं होतं. खालच्या गल्लीचा दिवा लागलेला होता. तिलेकने पाण्याच्या भांड्यात दोन तारा बुडवून वीज दाखवली. बुरुलचा आइझिरेककडे बघून मान हलवणार, इतक्यात नमद्यावरचा खालच्या गल्लीचा दिवा विझला. आणि वरच्या गल्लीचा लागला.

आइझिरेक मात्र उठलीच होती. तालीम म्हणजे तालीम. "पाहा पाहुण्यांनो," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आज खालच्या गल्लीची पाळी, म्हणून खालच्या गल्लीचा दिवा लागला आहे!"

सगळ्या वर्गाने विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. दामिरा बाईंनीही पाहिलं. झोप उडाल्यासारखी दिसली.

वरच्या गल्लीतलं पहिलं घर बुरुलचाचं. पाहुणे यायचेत, अंगण शिंपडून ठेवते गं. आता ते वाक्य तिला पुरतं ऐकू आलं.

"यंत्र आहे, चुकतं कधीकधी," ओसमोनअली हसत म्हणाले. टाय त्यांना घट्ट झाला असावा.

आइझिरेक खाली वाकून कुजबुजली, "एजेके, वायर काढू का? मी हळूच काढते. कुणाला कळणार नाही."

पोरगी दहा वर्षांची, पण लाज झाकायला तयार. बुरुलचाला तिचा मुका घ्यावासा वाटला, आणि तिथेच जमिनीवर झोपून जावंसंही वाटलं. यंत्र चुकलं म्हणावं तर पेटी गेली. पेटी नीट चालवता न येणाऱ्या बाईकडे ती कोण ठेवेल? बरोबर आहे म्हणावं तर पाहुण्यांसमोर घराची अब्रू गेली. आणि तिलेक, खालच्या गल्लीचा, नमद्यावरच्या आपल्या काड्यापेटीच्या घराकडे एकटक बघत होता. त्याची आई या वेळी वाफ्यात दारं धरून उभी असणार, आणि पाणी येता येता थांबलेलं असणार.

"यंत्र चुकलेलं नाही," बुरुलचा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच थकलेला वाटला. "चुकलंय कोण ते बघू. चला, रांग करा. दामिरा एजे, तुम्हाला चालवेल?"

"घर किती लांब आहे?" दामिरा बाईंनी विचारलं.

"जवळच. तसंही जेवायला तिकडेच जायचंय."

ओसमोनअलींनी डोळे मिटून घेतले.

पाटाच्या कडेकडेने वरात निघाली. वरच्या गल्लीच्या तोंडाशी फळी उचललेली, खालच्या गल्लीकडच्या वाटेत चिखलाचा बांध घातलेला. आणि घरासमोर सोनुन आपा, पदर खोचावा तसा झगा खोचून, हातात फावडं घेऊन उभी. अंगण चिंब, गल्ली चिंब, आणि पाणी आलंच आहे तर म्हणून कांद्याचे वाफेही भरलेले.

"अगं बाई, आलात! या, या!" आपाचा चेहरा फुलला. "पोरी, लवकर आणलंस गं. कोंबडी अजून शिजायचीय."

"आपा," तिलेक पुढे झाला, "आज खालच्या गल्लीची पाळी आहे."

"माहितेय रे. मी काय काल आले या गावात? पण पाहुण्यांच्या पायाला धूळ लागू द्यायची का? आमच्या गल्लीचा पाट कोरडा. मग मी काय थुंकून शिंपडू?"

"पाहुणे आमचेपण आहेत."

"मग?"

"मग आमच्या पाण्यानं मान तुमच्या कांद्यांचा का?"

पोरं फिदीफिदी हसली. आपाने फावडं टेकवलं. "कुणाचा रे तू? बोलतोस तर आजोबासारखा."

आइझिरेक आता घाबरत नव्हती. तालमीत नसलेलं बोलायला मिळालं होतं. "आपा, पाळी मोडली की पुढची पाळी जाते. तुम्हीच सांगितलंत, आम्ही विचारायला आलो तेव्हा. तुमच्या सासऱ्यांनी पाळी मोडली, तर पाटकऱ्यानं त्यांचं फावडं नदीत टाकलं, असंपण सांगितलंत."

"आणि ते टोपी घालूनच फावड्यामागे पोहायला गेले," मागून कुणीतरी आठवण करून दिली.

आपाने सुनेकडे पाहिलं. "हे शिकवतेस तू शाळेत?"

"हो आपा," बुरुलचा म्हणाली. "तुम्ही सांगितलेलंच."

म्हातारीने फावडं पुन्हा उचललं. मग फावड्याने बांध फोडला, फळी खाली दाबली आणि टाचेने चिखल असा थापला की सगळ्यांच्या अंगावर उडाला. दामिरा बाईंच्या मोज्यावरसुद्धा. पाणी वळलं आणि खाली पळत सुटलं. त्याच्याबरोबर तिलेकही पळाला, आईला सांगायला.

वर्गात तेव्हा कुणीच नव्हतं. खालच्या गल्लीचा दिवा लागला असेल तो रिकाम्या बाकांसमोर.

"घ्या. गेली पुढची पाळी," आपा म्हणाली. "आता आत या. का चहालापण पाळी लागते?"

चहाच्या फडक्याभोवती मुलं दाटीवाटीने बसली आणि तळलेल्या पिठाच्या बोरसोकचा ढीग बघता बघता सपाट झाला. दामिरा बाईंनी बूट काढून पाय उशीवर ठेवले. ओसमोनअली त्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्या मात्र कोंबडीच्या तंगडीकडे.

"या महिन्यात इतके नमुना पाठ पाहिले," शेवटी त्या हाड ठेवत म्हणाल्या, "सगळीकडे दिवे अगदी बरोबर लागतात. मूल उठतं, बोलतं, बसतं. मीही बसते, झोपते. पेटी इथेच राहू दे, बुरुलचा. पण फळ्यावर उद्दिष्टं लिहिली नव्हतीस, आणि वर्ग मधेच बाहेर काढलास. ते मला लिहावंच लागेल."

"लिहा, एजे."

"आणि पलीकडच्या दोन गावांतल्या शिक्षिकांनाही शिकव जरा हे."

बुरुलचाने मान डोलावली. दुसरं काय करणार? मग आपाने हात उघडून सगळ्यांना आशीर्वाद दिला, पाहुण्यांना, पोरांना, लांब रशियात गोदामात राबणाऱ्या आपल्या लेकालाही, आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

पाहुण्यांची गाडी धूळ उडवत गेली. अंगण तोवर वाळलंही होतं.

वरच्या गल्लीची पाळी सोमवारी आली. पाटकऱ्याने फळी उचलली, गल्लीचा दिवा लागला. तिथल्या बाकीच्या घरांचा काय दोष? पाळी गेली होती ती फक्त आपाच्या घराची. पण मुलांनी दरम्यान गुपचूप एक कारभार केला होता. आपाच्या कुंपणाशी, कांद्याच्या वाफ्याच्या तोंडाला, कापलेल्या बाटलीत आणखी एक सेन्सर. आणि नमद्यावर पहिल्या काड्यापेटीशेजारी एक नवा दिवा. बुरुलचाने पाहिलं आणि रागवायला तोंड उघडलं, पण तेवढं बळ नव्हतं.

तो नवा दिवा दिवसभर लागला नाही.

शेवटच्या तासाला दार वाजलं. सोनुन आपा, स्वच्छ रुमाल बांधून, या वर्गात पहिल्यांदाच. कुंपणाशी बसवलेली बाटली तिच्या नजरेतून सुटली नव्हती. नमद्यापाशी जाऊन वाकली.

"माझा कुठला?"

आइझिरेकने बोट दाखवलं.

"हा विझलेला?"

"हो, आपा."

"सकाळपासून विझलेलाच आहे ना? सगळ्यांनी पाहिलं?"

"सगळ्यांनी," तिलेक म्हणाला. "मी तर डबापण इथेच बसून खाल्ला."

"बरं झालं." म्हातारी मुलांच्या बाकावर बसली, फावड्यावर ठेवावेत तसे दोन्ही हात बाकावर एकावर एक ठेवून. "कांदे माना टाकतायत. टाकू देत. पण दिसायला पाहिजे माणसांना."

मग तिचं लक्ष सुनेकडे गेलं. बुरुलचा टेबलाला टेकून उभी होती आणि उभ्या उभ्याच तिचे डोळे मिटत होते.

"बस की गं जरा," आपा म्हणाली आणि बाकावर सरकून तिला जागा केली. "पोरं बघतायत दिव्याकडे. मी बघते पोरांकडे."

बुरुलचा बसली.