चौघींची होडी

पुलाच्या दुसऱ्या कमानीखाली तिचा आवाज गेला.

आधी घोगरा झाला, मग चिरकला, असं काही झालं नाही. "आता दहा वल्ही जोरात!" असं ती ओरडायला गेली आणि 'दहा'च्या पुढे तोंडातून नुसती वाफ निघाली. शर्यत निम्म्यावर आली होती, दोन किलोमीटर नदी अजून समोर पसरलेली होती, आणि ज्या एका कामासाठी तिला होडीत बसवलं होतं तेच तिच्याकडे उरलं नव्हतं.

रोइंगच्या होडीत वल्ही मारणाऱ्या चौघी जायच्या दिशेला पाठ करून बसतात. आपण कुठे चाललोय हे त्यांना दिसत नाही. ते दिसतं फक्त सुकाणूवालीला, कारण ती मागच्या टोकाला त्यांच्याकडे तोंड करून बसते. तिच्या हातात सुकाणूच्या दोऱ्या असतात आणि बाकीचा सगळा कारभार तोंडाचा: आता नेट लावा, आता सैल सोडा, वळण आलं, डावीकडच्या दोघी सांभाळा. एकवीस वर्षं ती तिथे बसत आली होती. चण चिमणीएवढी, पण आवाज असा की क्लबात तिला सगळे भोंगाताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडे. क्लबाने एकदा तिच्यासाठी छोटा माइक आणला होता. तो तिने दुसऱ्याच दिवशी परत डब्यात घातला. "माझा जन्मापासूनच गळ्यात आहे," म्हणाली.

घसा तीन दिवसांपासून धरला होता. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून झाल्या, गळ्याला मफलर गुंडाळून झोपून झालं. आदल्या संध्याकाळी कप्तानाचा फोन आला तो तिने मुद्दाम उचलला नाही, उलट निरोप लिहून पाठवला, 'ठणठणीत आहे.' खरं सांगितलं असतं तर त्या एका दिवसापुरतं दुसऱ्या कुणाला तरी बसवलं असतं. आणि दुसरं कुणी एकदा बसलं की जागा आपली राहत नाही, हे तिला नोकरीतल्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं.

आता ती नुसती दोऱ्या धरून बसली. कप्तान म्हणजे दातांची डॉक्टर, ती होडीत तिच्या थेट समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसे. डॉक्टरने दोनदा तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि मग नजर काढून घेतली. पुढचं सगळं त्या चौघींनी आपापसात सांभाळलं. चार वल्ही एकदम पाण्यात पडत होती, एकदम निघत होती. इतकी शांत होडी तिने एकवीस वर्षांत ऐकली नव्हती.

त्यांचा तिसरा नंबर आला. सहा वर्षांतली सगळ्यांत चांगली वेळ.

धक्क्यावर चौघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तिच्याही पडल्या. कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. डॉक्टर घाम पुसत म्हणाली, "ताई, घसा दाखवून घ्या हं लगेच. आणि मनाला लावून घेऊ नका. आवाज नव्हता तरी आलोच की आपण!" ती हे अगदी मनापासून, धीर द्यायलाच म्हणाली होती. पण ते वाक्य जे रुतलं ते रुतलंच.

घशाच्या डॉक्टरने पंधरा दिवस मौन सांगितलं. तिला वाटलं, फार जड जाणार. पण ती दवाखान्याच्या तळघरात जुन्या रुग्णांच्या फायली लावायचं काम करे. वरून चिठ्ठी यायची, ती फाइल शोधून सामानाच्या छोट्या लिफ्टच्या पाळण्यात ठेवायची, पाळणा वर जायचा. पंधरा दिवस ती एक अक्षर बोलली नाही आणि दवाखान्यात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. रविवारी थोरल्या भावाचा फोन आला. ती फक्त 'हं' म्हणत राहिली. भाऊ वीस मिनिटं बोलला, गुडघ्यांचं बोलला, सुनेचं बोलला, आणि "बरं वाटलं गं तुझ्याशी बोलून," असं म्हणून फोन ठेवला. ती बराच वेळ हसत बसली. मग तिला हसू येईना.

पानगळ सुरू झाली की क्लबात हजार कामं निघतात. उतारावर कुजलेल्या पानांचा चिखल होतो, तो खरवडावा लागतो, नाहीतर होडी खांद्यावर घेऊन उतरताना पाय गेलाच म्हणून समजा. होड्या धुवायच्या, पालथ्या घालायच्या, सरकत्या बैठकांच्या चाकांना तेल द्यायचं, वल्ह्यांच्या मुठी घासायच्या. बाकीच्या जमेल तशा येत. ती रोज येई. घरी जाऊन तरी करायचं काय होतं? दोन खोल्या, एक खिडकी, आणि आई गेल्यापासून जेवायला एकच ताट. क्लबात निदान मिस्त्री असे. होड्या दुरुस्त करणारा हा म्हातारा दिवसभर होड्यांशीच भांडत असायचा. त्यात मधूनमधून तिच्याही वाट्याला काही येई.

कडाक्याची थंडी पडली तसा सगळा सराव वरच्या खोलीत, वल्ही मारायच्या यंत्रांवर सुरू झाला. आवाज परतला होता. ती शिट्टी आणि घड्याळ घेऊन यंत्रांच्या समोर उभी राहू लागली. "पाठ सरळ! शेवटचं मिनिट!" पण प्रत्येकीच्या पुढ्यात पडदा होता आणि त्यावर सगळं लिहून येत होतं, आणि कानांत गाणी होती. चौघींत यंदाच आलेल्या नव्या मुलीने एकदा तिचे ओठ हललेले बघून कानातलं काढलं आणि विचारलं, "काही म्हणालात का, ताई?"

"काही नाही. चालू दे."

त्याच आठवड्यात डॉक्टरने तिला जिन्यात गाठलं.

"ताई, दोन मिनिटं आहेत?"

"माझ्याकडे? दोन काय, वीस घे."

डॉक्टर पायरीवर बसली. गळ्यातला टॉवेल उगाच पिळत राहिली. "पुढच्या मोसमापासून बिनसुकाणूवालीची होडी घ्यावी म्हणतोय. फक्त चौघींची. नवी पायाने सुकाणू चालवायला शिकतेय, हुकूमही तीच देईल. त्यात होडीतलं पन्नास किलो वजन कमी होतं. म्हणजे तुमचं वजन असं नाही हो..."

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.

डॉक्टर टॉवेलच्या घड्या घालू लागली. "तुम्ही कुठे जाणार नाही आहात. घड्याळ लावायला, सगळं बघायला... तुमच्याशिवाय क्लब चालतो का?"

"चालतो गं," ती म्हणाली. "तिसरा नंबर आला की."

मिस्त्रीला कळलं तेव्हा त्याने रंधा खाली ठेवला. "गरज सरो वैद्य मरो, असं ऐकलं होतं. इथं तर वैद्यबाईच म्हणतायत की गरज सरली." तिला खुदकन हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. मिस्त्रीने ते पाहिलं नाही असं दाखवलं आणि पॉलिशचा डबा शोधायला लागला. डबा त्याच्या हातातच होता.

भावाला मात्र आनंद झाला. "सुटलीस एकदाची! पन्नाशी उलटली तरी पहाटे उठून उंटावरून शेळ्या हाकायला जायचं. आता झोप निवांत."

"हो ना," ती म्हणाली.

थंडी सरता सरता नवी होडी पहिल्यांदा पाण्यात उतरायची ठरली. तिला कुणी ये म्हणालं नव्हतं, येऊ नको असंही म्हणालं नव्हतं. साडेसहाला ती धक्क्यावर हजर होती. नदीवर धुकं होतं, पुलाच्या कमानी अर्ध्याच दिसत होत्या. येण्याआधी तिने घरी मोरीत उभं राहून एकदा ओरडून बघितलं होतं. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता.

चौघींनी होडी पाण्यात ठेवली, बूट धक्क्यावर काढले, बैठकीवर सरकल्या. ती गुडघ्यांवर बसून होडीची कड धरून राहिली. वल्ही अडकवून झाली, पट्टे बांधून झाले. मग सगळं थांबलं. कुणी हलेना. चौघी तिच्याकडे बघत होत्या.

कुणी ठरवून बघत नव्हतं. तिघींना बारा-पंधरा वर्षांची सवय होती, नवीला मोसमभराची. धक्क्यावर तिच्या तोंडून शब्द पडल्याशिवाय त्यांचे हात कधी हललेच नव्हते. आणि तिच्या घशाशी तो शब्द आलाही होता. नुसता सोडायचा होता. सोडला असता तर चारही पाठी एकदम वाकल्या असत्या, आणि तो दिवस तिचा झाला असता.

"तू सांग," ती नवीला म्हणाली.

नवी पुढच्या टोकाला बसली होती. "तुम्हीच सांगा ना, ताई. आजच्या दिवस."

"आज मी सांगितलं तर उद्या तू माझी वाट बघशील आणि होडी पुलावर आपटेल. चल, बोल. मोठ्यानं."

"तयार?" नवी म्हणाली.

"पलीकडच्या काठाला ऐकू गेलं नाही."

"तयार! चला!" आवाज फाटला, पण निघाला. वल्ही पाण्यात पडली. तिने दोन्ही हातांनी होडी लोटून दिली.

आपली होडी बाहेरून कशी दिसते हे तिने कधी बघितलंच नव्हतं. माणसं दूर जातात तेव्हा पाठमोरी असतात. या चौघींची तोंडं तिच्याकडेच होती आणि त्या लांब चालल्या होत्या. तिसरीचं वल्हं किंचित उशिरा पडत होतं. ते सांगायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. एवढ्यात नवीचा आवाज पाण्यावरून आला, "तिसरी, लवकर!" आणि वल्ही जुळली. डॉक्टरने मान हलवली, तिला उद्देशून की वल्ह्याच्या तालावर, ते धुक्यात कळलं नाही. मग नुसतं पाणी कापल्याचं ऐकू येत राहिलं, आणि नंतर तेही नाही.

परत यायला त्यांना तासभर लागणार होता. धक्क्यावरचे बूट दवाने ओले व्हायला लागले होते. तिने ते उचलले, शेडमध्ये नेले, आणि भिंतीलगत बसायच्या क्रमाने मांडून ठेवले. चार जोड. पाचवा तिच्या पायात होता.