सातवी सुई

“इवलंसं नेढं सुईचं, त्यातून दोरा जाई,
दोऱ्यामागं दिस जाई, सई, माघारी येत नाही.”

आत्या हे म्हणायची तेव्हा तिच्या ओठांत दोऱ्याचं टोक असायचं, त्यामुळे शब्द जरा ओले, जरा दाबलेले यायचे. आत्या गाद्या-उशा शिवायची. ओवी संपली की त्याच सुरात सांगायची, “सुया मोज गं. काढताना सात, ठेवताना सात. कुणाच्या उशीत सुई गेली तर त्याची झोप आपल्या माथी.” समोर मांडी घालून बसलेली भाची बोटानं सुया मोजायची. ओवीतलं तिला काही कळत नसे, नुसती गोड लागायची.

त्या भाचीची आता चाळिशी उलटली होती. तिच्या स्वतःच्या घरात भिंतीवर जाड लोकरी कापडाची एक पट्टी टांगलेली होती. पट्टीवर खडूच्या सात खुणा आणि प्रत्येक खुणेवर एक सुई. सकाळी सात निघायच्या, काम आवरलं की सात परत यायच्या. एक जरी कमी भरली तरी त्या दिवशी शिवलेला एकही कापडी हत्ती घराबाहेर पडत नसे, कारण हत्ती लहान मुलांच्या कुशीत जायचे.

पहिला हत्ती तिनं नवऱ्याच्या जुन्या राखाडी पँटचा केला होता, शेजारच्या तापानं फणफणलेल्या मुलीसाठी. शिवताना ती गात होती. सोंड थोडी वाकडी झाली, पण मुलीनं ताप उतरेपर्यंत त्याला सोडलं नाही. मग त्या मुलीच्या मावशीनं एक मागितला, मावशीच्या ऑफिसातल्या दोघींनी मागितले. चार पैसे सुटतात, वाईट काय, असं म्हणता म्हणता एक दिवस खेळण्यांच्या दुकानाची मालकीण दारात उभी राहिली. हत्तींना पाय फुटले ते तेव्हापासून.

घर दोनच खोल्यांचं. कापसाची पोती मोरीच्या वाटेवर आली, तेव्हापासून सगळे अंग चोरून आंघोळीला जाऊ लागले. दोरीवर कानांच्या जोड्या लटकू लागल्या. चहात कापूस, उशीवर कापूस, सासूबाईंच्या भुवयांत कापूस. दुपारी ती ज्या खिडकीशी हात मांडीवर टाकून नुसती बसायची, ती कापडाच्या गठ्ठ्यांनी अर्धी बुजली. आणि गाणं गेलं. टाके मोजायचे की ओवी म्हणायची, दोन्ही एका तोंडानं होत नाहीत.

तिला कुणी कोंडलं होतं असं नाही. कडी आतूनच होती, पण त्या कडीला दोन माणसांचं सुख टांगलेलं होतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. आता सकाळी वेणी घालून तयार असायच्या. “आणा गं माझी पोरं, उपाशी असतील,” म्हणत एकेकाच्या पोटात कापूस भरायच्या. सुयांची मोजणीही त्यांच्याकडेच होती, आणि ती त्या बँकेच्या खजिनदारासारख्या करायच्या. नवऱ्यानं सुट्या भागांच्या गोदामात काउंटरमागे उभं राहून एकोणीस वर्षं काढली होती. तिथला साहेब त्याला नावानं हाकही मारत नसे, “ए गोदाम” म्हणायचा. तोच माणूस रविवारी पुठ्ठ्याचे साचे ठेवून कापड कापताना शीळ घालायचा. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला कळलं की याला शीळ येते.

आता दुकानाच्या मालकिणीनं वर्षभराचा करार देऊ केला होता. अट एकच, पहिले चाळीस हत्ती रविवारी संध्याकाळी सहाच्या गाडीनं वेळेवर जायला हवेत. करार झाला की नवरा नोकरी सोडणार होता. राजीनामा लिहून, पाकिटात घालून रेडिओखाली ठेवलेला, सोमवारी द्यायचा. “जमेल ना गं?” असं त्यानं तिला विचारलं होतं. ती “बघू” म्हणाली होती. त्या घरात “बघू”चा अर्थ आजवर नेहमी होच निघाला होता.

रविवारी दुपारी फक्त शेपट्या लावायच्या राहिल्या. “हत्ती गेला आणि शेपूट राहिलं,” नवरा दर खेपेसारखं म्हणाला, आणि सासूबाई दर खेपेसारख्या हसल्या. तिनं चाळिसावी शेपटी लावली, दोरा तोडला. हातात सुई होती, नेढ्यात वीतभर राखाडी दोरा उरलेला. रेडिओखालचं पाकीट समोर दिसत होतं. शेजारी खिडकीचा पडदा हलत होता. तिच्या हातानं सुई पडद्याच्या खालच्या दुमडीत सारली. हातानं केलं ते मनाला मागाहून कळलं. सुई सापडली नाही तर माल जाणार नाही, माल गेला नाही तर करार नाही, आणि पाकीट राहील रेडिओखाली. मग तिला तोंड उघडावंच लागणार नाही.

सासूबाईंनी पट्टीवर बोट फिरवलं. सहा. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. सहाच. तिसऱ्या वेळी त्यांनी मुलाला मोजायला सांगितलं.

तिला वाटलं होतं, आता नवरा डोक्याला हात लावून बसेल, थोडी चिडचिड करेल आणि मालकिणीला फोन लावेल. चूक तिथंच झाली. इतकी वर्षं एकत्र राहून तिनं या दोघांना ओळखलं नव्हतं. नवऱ्यानं गोदामातून आणलेला लोहचुंबक फरशीवर, चटईवर फिरवला. मग हत्तींवरून फिरवला, पण पोटातल्या कापसाच्या आतलं चुंबकाला कळेलच याचा त्याला भरवसा वाटेना. शेवटी त्यानं घड्याळ पाहिलं, मांडी घातली, एक हत्ती पुढ्यात घेतला आणि पोटाची शिवण उसवू लागला. ना आवाज चढवला, ना कुणाला बोल लावला. कापूस काढायचा, पिंजून बघायचा, परत भरायचा. “तीन तास आहेत,” एवढंच म्हणाला. तीही समोर बसली आणि उसवू लागली. नसलेली सुई शोधताना तिचे हात किती सराईतपणे चालत होते, याचीच तिला लाज वाटली.

सासूबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या की सकाळी सुया काढताना आपणच सहाच्या सात मोजल्या असतील, म्हातारपणाचा काय भरवसा, उद्यापासून मोजणी सूनबाईकडेच द्या. आणि मग त्यांनीही एक न उसवलेला हत्ती उचलला. साखरेच्या दुखण्यानं त्यांची बोटं बधिर झाली होती, टोचलेलं कळत नसे. म्हणून त्यांनी तो गालाला लावला आणि हळूहळू दाबत फिरवू लागल्या.

“आई, हे काय करता?”

“बोटांना नाही कळत गं. गालाला कळतं. टोचली की सांगते.”

दुसरा हत्ती. तिसरा. सुरकुतलेला गाल राखाडी कापडावर दाबला जात होता, डोळे मिटलेले, एखादं लेकरू थोपटावं तसा चेहरा. पाचवा हत्ती गालाशी गेला तेव्हा ती उठली.

“आई, थांबा. ठेवा तो खाली.”

ती खिडकीशी गेली, पडद्याची दुमड उलटली आणि सुई ओढून काढली. मागून वीतभर राखाडी दोरा सरसरत आला. तिनं ती पट्टीवर सातव्या खुणेशी टोचली.

नवऱ्यानं सुस्कारा सोडला. पडद्याला अडकली होती होय, असं म्हणत त्यानं उसवलेले हत्ती मोजले. बाराच होते. तिघं बसलो तर सहाच्या आत शिवून होतील, असं तो म्हणाला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग परतला. म्हणजे मोजणी चुकली नव्हती तर, सकाळी सातच होत्या, असं त्या पुन्हा पुन्हा सांगू लागल्या. नवऱ्यानं दोरा ओवून सुई तिच्यापुढे धरली.

सगळं किती सोपं होतं. सुई हातात घ्यायची, खाली बसायचं, पडद्याला दोष द्यायचा. पुढची सगळी वर्षं त्या इवल्याशा नेढ्यातून ओढली गेली असती आणि कुणाला टोचलंही नसतं. सासूबाईंच्या गालावर कापसाचा एक तंतू चिकटला होता. तिनं तो बोटानं अलगद काढला. नवऱ्याचा हात तसाच पुढे होता.

“अगं घे ना. वेळ जातोय.”

तिनं सुई घेतली नाही.

“अडकली नव्हती ती. मी लपवली होती,” ती म्हणाली. “आईंची मोजणी आजवर कधी चुकली नाही, आजही नाही. माझ्यात बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी सुई लपवली. अहो, ते पाकीट उद्या देऊ नका. द्यायचंच असेल तर तुमच्या मनानं द्या, माझ्या हातांच्या भरवशावर देऊ नका. मला हत्ती करायचे नाहीत. पहिला केला तो मनापासून केला. त्यानंतरचा एकही नाही.”